भाद्रपदातली दिवाळी

गोष्ट गेल्या वर्षीची. भाद्रपद वद्य पंचमी असेल नाही तर षष्ठी. पितृपक्ष चालू होता एवढे नक्की, कारण आमच्या सौभाग्यवतींनी सकाळीच पंचांग उघडून घरची तिथी कधी येते ते मला तिसऱ्यांदा बजावले होते. दहाच्या सुमारास डोंबिवलीहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज असा की मला वाटले, घरात कोणी आजारी पडले.

"दादा, असशील तसा नीघ आणि इकडे ये."

"अगं, पण झालं काय?"

"तुझी भाची पितृपक्षात चकल्या तळतेय!"

"खुसखुशीत होताहेत का?" असे मी विचारले आणि लगेच जीभ चावली. बहीण भडकलीच. तिचे म्हणणे असे की, गॅलरीत आकाशकंदील टांगला आहे, उंबऱ्याशी रांगोळी आहे, पणत्या लावल्या आहेत आणि कन्यारत्न काठापदराची साडी नेसून, नाकात नथ घालून कढईपुढे उभे आहे. शेजारच्या वहिनी "काही ठरलंबिरलं की काय?" असे विचारून गेल्या. सासऱ्यांची तिथी परवावर आलेली. "ह्यांना तर जिन्यात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. आजवर ती तुझंच काय ते ऐकत आली आहे. ये, आणि पुरे झालं म्हणून सांग तिला. चांगली नोकरी होती, ती परत मिळते का बघ म्हणावं."

या सदराच्या जुन्या वाचकांना ही भाची ठाऊक आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी सगळे घर काळजीत असताना जी खुशाल सिनेमाला जाऊन बसली होती, तीच ही. एका कंपनीच्या हिशेबखात्यात चार वर्षे काढल्यावर तिने राजीनामा दिला आणि स्वयंपाकाचे व्हिडिओ करून ती यूट्यूबवर घालू लागली. भांडवल म्हणाल तर एक मोबाईल, एक तिपाई, तोंडावर उजेड पाडणारा एक गोल दिवा आणि तिच्या आजीची, म्हणजे माझ्या आईची, पाककृतींची वही. जाड पुठ्ठ्याची, तेलाच्या डागांनी पलीकडचे दिसू लागलेली ही वही आई गेल्यावर कोणी न्यावी यावरून आमच्याकडे थोडी धुसफूसही झाली होती. शेवटी ती भाचीकडे गेली. आईने वहीत जागोजाग "अंदाजाने" असे लिहून ठेवले होते, आणि तो अंदाज कोणता हे एकट्या भाचीलाच ठाऊक होते.

ज्यांच्या घरी असा एखादा चिरंजीव वा कन्या आहे, त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी फार निर्धास्त राहू नये.

मी पोचलो तेव्हा मेहुण्यांनी तोंडावर बोट ठेवूनच दार उघडले. ते बनियनवर होते आणि घामाने निथळत होते. पंखे बंद. चित्रीकरण चालू असताना पंख्याची घरघर आत जाते म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद, फोन बंद, शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली की "पुन्हा!" अशी आरोळी आणि पहिल्यापासून सुरुवात. आम्ही दोघे आतल्या खोलीत पलंगावर वर्तमानपत्राने वारा घेत, चोरून राहिलेल्या माणसांसारखे बसून राहिलो. बाहेरून गोड आवाज येत होता, "दिवाळी अगदी तोंडावर आली आहे, घराघरांतून भाजणीचा खमंग वास दरवळतो आहे..." बाहेर हस्ताचा पाऊस दरवळत होता.

तासाभराने पंखे सुरू झाले. चकल्यांची ताटली पुढे आली. बहिणीने ती उचलून फळीवर ठेवली. तिथी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणाली. मग आम्ही मामा-भाची गॅलरीत त्या ओलसर आकाशकंदिलाखाली खुर्च्या टाकून बसलो.

मी घसा साफ करून सुरुवात केली, "अगं, पण चकल्या पितृपक्षातच का?"

"मामा, दिवाळीत लोक चकल्या खातात. कशा करायच्या हे त्याच्या आधी शोधतात. भाजणीला दळण टाकायच्या वेळी माझा व्हिडिओ त्यांच्या पुढ्यात यायला हवा, आणि यायचा तर तो यंत्राच्या ओळखीचा व्हायला आधी काही दिवस जावे लागतात. जाहिरातींचा भावही दसरा-दिवाळीलाच चढा असतो. तेव्हा जे मिळतं त्यावर पुढचे चार महिने काढायचे."

यावर मी गप्प बसलो, आणि त्याचे कारण वाचकांना सांगून टाकणे बरे. आपण वाचता आहात तो हा दिवाळी अंकातला मजकूर मी आषाढात लिहितो आहे. बाहेर पागोळ्या गळताहेत, धोतरे वाळत नाहीत, आणि संपादकांचे तिसरे स्मरणपत्र टेबलावर पडले आहे. वीस वर्षे माझ्या सगळ्या दिवाळ्या पावसाळ्यात साजऱ्या झाल्या. आंब्याच्या दिवसांवर मी तीनदा लिहिले आहे आणि तिन्ही वेळा घरात आंबा नव्हता. सोरट्या सोमनाथाने दुसऱ्याला चोर म्हणू नये हेच खरे.

तेव्हा उपदेश बाजूला ठेवून मी हिशेब विचारला. हिशेब भाचीला आवडतो. ती सांगू लागली ते असे. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर लांब व्हिडिओ करणाऱ्याला आधी एक हजार वर्गणीदार जमवावे लागतात आणि वर्षभरात लोकांनी त्याचे व्हिडिओ चार हजार तास पाहिलेले असावे लागतात. हा नियम २०१८ सालापासूनचा. ते जमले की जाहिरातीच्या शंभर रुपयांतले पंचावन्न करणाऱ्याचे, उरलेले कंपनीचे. छोट्या उभ्या चित्रफिती असतात त्यांचा हिशेब वेगळा आणि हात आखडता. भाचीला पहिली दमडी दिसायला अकरा महिने लागले. वर्गणीदार हा शब्द ऐकून माझा कान टवकारला, पण हे वर्गणी न देणारे वर्गणीदार. आमच्या साप्ताहिकालाही तसे पुष्कळ आहेत. ते शेजाऱ्याचा अंक वाचतात.

"आणि मामा, सगळ्या डोळ्यांचा भाव सारखा नसतो. डोंबिवलीतल्या बाईने पाहिलं तर थोडे पैसे, न्यू जर्सीतल्या मराठी बाईने पाहिलं तर पुष्कळ जास्त. तिथल्या जाहिराती महाग. म्हणून मी 'अमेरिकेत भाजणी नाही मिळाली तर' हे हमखास सांगते."

एवढे होईपर्यंत मला तिचे कौतुकच वाटत होते. मग तिने मोबाईल पुढे करून एक आलेख दाखविला. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ. व्हिडिओ सुरू होताना जेवढे बघणारे असतात त्यांतले कोणत्या सेकंदाला किती उरले, हे त्या रेघेवरून कळते. कंपनी हे प्रत्येक व्हिडिओचे करणाऱ्याला दाखविते. नाटकातल्या नटाला प्रेक्षक खोकू लागले की समजते, कीर्तनकाराला मागच्या रांगेतली म्हातारी उठली की समजते. पण कोणत्या शब्दाला कोण उठले याचा असा लेखी जबाब आजवर कोणाच्या हाती पडला नव्हता.

"ही इथे रेघ एकदम खाली येते, बघ."

"इथे काय आहे?"

ती जरा थांबली. "इथे मी आजीबद्दल बोलले. आजी भाजणी भाजताना देवघरात जाऊन घड्याळ बघायची, ती गोष्ट. अर्ध्या मिनिटाची आहे. तेवढ्यात पन्नासांतल्या वीस बायका निघून गेल्या."

मी तो आलेख हातात घेतला. आणखी चार दाखविले तिने. कडबोळी, अनारसे, डाळिंब्यांची उसळ, मुगाचे लाडू. ज्या ज्या ठिकाणी आई आली होती, त्या त्या ठिकाणी रेघ घसरली होती. सोऱ्या दिसला की सपाट, झारा दिसला की सपाट, आजी म्हटले की घळ. काय सांगावे, त्या क्षणी मला त्या अनोळखी बायकांचा फार राग आला. त्यांनी माझ्या आईकडे पाठ फिरवली होती आणि कोणत्या सेकंदाला फिरवली तेही मला कळले होते. मग माझ्या मनात आले, त्यांच्या पोळ्या तव्यावर असतील. त्यांना वाटीचे माप हवे आहे. माझी आई त्यांची कोण?

"मग आता?"

"आता आजी काढून टाकली मी. सहा महिने झाले. रेघ सुधारली."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला पुढे बोलता येईना. मग तिनेच सांगितले. खरी अडचण ती नव्हतीच. "मामा, वही संपली. आजीच्या वहीत एकशे बेचाळीस पदार्थ. आठवड्याला दोन. श्रावणात शेवटचं पान झालं. आता मी काय करते माहीत आहे? चॉकलेटची करंजी. चीजचं थालीपीठ. पाच मिनिटांत अनारसे! पाच मिनिटांत अनारसे होतात का? तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात. पण थांबले तर रेघ पडते. मागच्या मार्चमध्ये मला टायफॉइड झाला, तीन आठवडे काही टाकलं नाही. परत आले तेव्हा अर्ध्या बायका गेल्या होत्या. त्यांना मी आवडेनाशी झाले असं नाही. माझी गैरहजेरी त्यांच्या लक्षातसुद्धा आली नाही. त्यांच्यापुढे दुसरं कोणी आणून ठेवलं गेलं, एवढंच."

साडेसात झाले आणि आतून ओळखीचे संगीत ऐकू आले. बहिणीची मालिका लागली. मघापासून "हिला थांबव" म्हणून मागे लागलेली माझी बहीण हातातली भाजी तशीच टाकून खुर्चीत जाऊन बसली. ही मालिका ती चार वर्षे बघते आहे, आणि चारही वर्षे "काय हे लांबण लावलंय मेल्यांनी" असे म्हणत बघते आहे. त्या दिवशीच्या भागात, मी पाहिले त्याप्रमाणे, एका सुनेने एक पत्र उघडायला घेतले आणि बावीस मिनिटांत ते उघडले नाही. मात्र त्या घरात दिवाळीची तयारी चालली आहे असा पुढच्या महिन्यातला देखावा आताच कुठेतरी चित्रित होत असणार, हे मला भाचीने कानात सांगितले. रोजच्या मालिकेचे काही भाग पुढचे तयार असावे लागतात. त्या शिलकीला ते लोक 'बँक' म्हणतात. म्हणजे अवघ्या महाराष्ट्राची दिवाळी भाद्रपदातच उरकत असावी, आणि आपण आश्विनात करतो ती शिळी.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, आणि जागा मिळाली की मी विचार करतो. आमच्या लहानपणी हा छोटा पडदा थांबत असे. मुंबईला दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या चाळीत एकच टीव्ही, आणि त्याच्या मालकांचा त्या वर्षी फार मान. संध्याकाळचे काही तास कार्यक्रम, मग पडदा काळा. मालक उठून त्यावर आच्छादन घालीत आणि आम्हाला "निघा आता" म्हणत. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशांचे चिमणराव-गुंड्याभाऊ आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने. आठवड्याला एकदा भेटत आणि पुढच्या भेटीची हुरहुर लावून जात. पुढे एक दिवस ते गेले. त्यानंतर आम्ही त्यांच्याबद्दल बोलत राहिलो, आणि अजून बोलतो. निरोप घेता आला म्हणून आठवण राहिली, असे मला तरी वाटते.

मालिका न संपण्याची चटक नेमकी कोणी लावली? सगळा दोष वाहिन्यांच्या माथी मारणे सोपे आहे. ७ जुलै १९८४ ला दिल्लीहून 'हम लोग' सुरू झाली. दीडशेच्या वर भाग झाले, डिसेंबर १९८५ मध्ये संपली, आणि माणसे घरचे कोणी परगावी गेल्यासारखी हळहळली. रामानंद सागरांच्या 'रामायणा'ला मंजुरी बावन्न भागांची होती. २५ जानेवारी १९८७ पासून चालत चालत ते अठ्ठ्याहत्तर भागांवर गेले. राम अयोध्येला परतला आणि १९८८ च्या जुलैअखेर मालिका थांबली, तर उत्तरेकडच्या काही शहरांतल्या सफाई कामगारांनी पुढची कथा दाखवा म्हणून चक्क संप केला. उत्तरकांड पडद्यावर आले. तेव्हा संपू नये असे म्हणणारे आधी आपणच. विकणाऱ्यांनी ते ऐकले आणि ध्यानात ठेवले, इतकेच.

मग १९९९ च्या स्वातंत्र्यदिनी अल्फा मराठी वाहिनी आली, त्याच वर्षी 'आभाळमाया' आली, आणि मराठी घरांना मालिकांची खरी गोडी लागली. २००१ साली 'चार दिवस सासूचे' सुरू झाली. नावावरून मला वाटले होते, आटोपशीर असेल. ते चार दिवस २०१३ पर्यंत चालले. तीन हजारांहून अधिक भाग. जिच्या जन्माच्या वेळी मालिका सुरू झाली, ती मुलगी सहावीत जाऊन पोचली. दर गुरुवारी कोणी किती पाहिले याचे आकडे येतात, आणि त्या आकड्यांवर कोणी मरायचे, कोणाची स्मृती परत यायची ते ठरते. देशात वीस कोटींहून अधिक घरांत टीव्ही, आणि मोजणीची यंत्रे त्यांतल्या काही हजार घरांत. आमच्या घरात नाही, बहिणीच्या घरात नाही. तिने पत्र उघडण्याची चार दिवस वाट पाहिली काय आणि न पाहिली काय, त्या मोजणीला त्याचा पत्ता नाही.

थांबायचे नाही, म्हणजे किती थांबायचे नाही? एप्रिल २०२१ मध्ये साथीमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाले. तेव्हा कित्येक मराठी मालिकांनी सासू, सून, देव्हाऱ्यासकट बिऱ्हाड उचलले आणि काही गोव्याला, काही सिल्वासाला नेऊन मांडले. मे महिन्यात गोवा सरकारने परवानगी काढून घेतली, तेव्हा पुन्हा गाठोडी बांधली. पुण्याच्या वाड्यातले भांडण माडांच्या सावलीत कसे आले, याचा खुलासा काही मालिकांना कथेत करावा लागला असेल. पडद्यामागच्या माणसांची रोजची चूल त्या भागावर पेटते हे खरे, त्यामुळे मी हसत नाही. पण कोणालाच एक महिना श्वास घेता येऊ नये अशी ही कसली घडण?

यूट्यूबची गंमत अशी की, ज्या व्हिडिओने ते सुरू झाले तो एकोणीस सेकंदांचा आहे. २३ एप्रिल २००५ चा. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात जावेद करीम नावाचा तरुण हत्तींसमोर उभा आहे. यांच्या सोंडा फार लांब आहेत असे सांगतो, आणि सांगण्यासारखे एवढेच म्हणून गप्प होतो. मला हा गृहस्थ फार आवडला. बोलायचे होते ते संपले आणि थांबला! पण २०१२ च्या शरदात कंपनीने आपली रीत बदलली. किती जणांनी उघडले यापेक्षा किती वेळ बघत राहिले, याला अधिक वजन आले. तेव्हापासून सोंडेवर अकरा मिनिटे बोलावे लागते.

अपवाद नाहीत असे नाही. टॉम स्कॉट म्हणून एक इंग्रज आहे. दहा वर्षे दर सोमवारी तो एक माहितीपूर्ण व्हिडिओ देत होता, एकही सोमवार न चुकवता. १ जानेवारी २०२४ ला त्याने शेवटचा सोमवार साजरा केला आणि पुरे म्हणाला. लोकांनी त्याला दुवे दिले. अर्थात त्याच्यामागे लाखो माणसे होती, पैसा होता. आमच्या भाचीच्या मागे टायफॉइड आणि घरभाड्यातला तिचा वाटा. आपल्याकडे अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमनताई धामणे आहेत. नातवाने २०२० साली त्यांच्या रांधण्याचे व्हिडिओ घातले आणि 'आपली आजी' घरोघर पोचली. त्यांना तर पडद्यावर आजी म्हणूनच उभे राहता आले. आमच्या आईला तेवढे भाग्य लाभले नाही. ती रेघेला नडली.

भाचीला काय सांगावे हे मला डोंबिवलीपासून भायखळ्यापर्यंत सुचले नाही. नोकरीवर परत जा, हे बहिणीचे म्हणणे. ते सांगायला मी गेलो होतो आणि न सांगता आलो. कारण हिशेबखात्यातल्या चार वर्षांत ती कशी दिसायची तेही मी पाहिले आहे. घरी येऊन मी सौभाग्यवतींना सारी हकीकत सांगितली. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तिला म्हणावं, या दिवाळीला आमच्याकडे ये. आणि तो फोन घरी ठेवून ये."

निरोप मी तसाच पोचविला. गंमत म्हणजे ती आली. वसुबारसेला आली आणि भाऊबीज करून गेली. निघताना पुढचे दोन व्हिडिओ तयार करून, वेळ लावून ठेवले होते. त्यानंतर महिनाभर काही नाही, असे तिने आपल्या बायकांना आधीच कळविले होते. फोन मात्र पिशवीत होताच. पहिल्या दोन दिवसांत तिने तो किती वेळा काढला ते मी मोजले, पण आकडा छापणार नाही. धनत्रयोदशीला आमच्याकडे चकल्या झाल्या. पंखा चालू, खिडक्या उघड्या, शेजारचा कुकर खुशाल शिट्ट्या मारतो आहे. मोहन जास्त पडले आणि पहिला घाणा कढईत विरघळला. भाची आणि तिची मामी दोघी हसत सुटल्या. "हे चित्रात दाखवता येत नाही, मामी. तिथे पहिला घाणा नेहमी बरोबर येतो." तिने मग देवघरात जाऊन घड्याळ बघायची ती आजीची गोष्ट सांगितली. माझ्या नातवाने ती अर्धी ऐकली आणि तो फटाके बघायला पळाला. रेघ पडलीच म्हणा की!

महिन्याने ती पुन्हा कामाला लागली. अर्धे बघणारे गेले होते. त्यांतले थोडे परत आले, सगळे आले नाहीत. आता ती महिन्याला दोनच व्हिडिओ करते आणि उरलेल्या वेळात दोन दुकानदारांच्या वह्या लिहिते. मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे आणि हे बहीण मला प्रत्येक फोनवर ऐकविते. आजी व्हिडिओत परत आली आहे. रेघ तिथे अजून घसरते, भाची म्हणते, "घसरू दे, पण पूर्वीपेक्षा जरा सावकाश घसरते." हे खरे की मामाचे मन राखायला सांगितले, मी विचारलेले नाही. आईची वही संपल्यावर तिने नवी सुरू केली आहे. त्यात माझ्या सासूबाईंचे, शेजारच्या वहिनींचे असे पदार्थ लिहून घेते. पहिल्या पानावर पितृपक्षातल्या त्या भाजणीचे माप आहे. त्या चकल्या मला शेवटपर्यंत मिळाल्या नाहीत. तिथी होईपर्यंत त्या मऊ पडल्या.

हा मजकूर संपत आला आणि आता डोंबिवलीहून फोन. आवाज पुन्हा तसाच.

"दादा, ऐकलंस का? माझी साडेसातची मालिका बंद करताहेत. पुढच्या शनिवारी शेवटचा भाग."

"बरं झालं की! लांबण लावलंय म्हणत होतीस ना?"

"अरे, पण त्या पत्रात काय होतं ते अजून नीट कळलं नाही. असं मधेच कसं रे बंद करतात?"